महाराष्ट्रातील जर्मन प्राच्यविद्येची अभिलेखीय साधने

महाराष्ट्रातील जर्मन प्राच्यविद्येची अभिलेखीय साधने या संज्ञेत पुढील साहित्याचा समावेश होतो : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुणे व मुंबई येथे काम केलेल्या जर्मन विद्वानांनी जमविलेली हस्तलिखिते, त्यांचे छापील अहवाल व सूची, त्यांच्या परंपरेत शिकलेल्या मराठी अभ्यासकांचे जर्मनीतील शैक्षणिक कागद आणि अलीकडच्या काळातील ध्वनिमुद्रणे व माहितीपट. या साधनांचा मोठा भाग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. उरलेला भाग बर्लिन, म्यूनिक, बॉन आणि हायडेलबर्ग येथील ग्रंथालयांत व अभिलेखागारांत विखुरलेला आहे. एकाच व्यवहाराचे कागद असे दोन देशांत वाटले गेल्यामुळे केवळ एका बाजूच्या संग्रहावरून काढलेले चित्र अपुरे राहते. पुण्यातील एखादी पोथी कोणी व कोणत्या वर्षी मिळविली हे पुण्यात कळते. त्याच दौऱ्यात मिळालेली तिची जोडपोथी कोठे गेली, हे मात्र बर्लिनच्या सूचीत शोधावे लागते.

पार्श्वभूमी

जर्मनी आणि संस्कृत म्हटले की मराठी वाचकाला प्रथम माक्स म्यूलर (मॅक्समुल्लर) आठवतात. भारतातील ग्योथे-इन्स्टिट्यूटच्या शाखाही ‘मॅक्स म्युलर भवन’ याच नावाने ओळखल्या जातात. प्रत्यक्षात म्यूलर भारतात कधीही आले नाहीत. पुण्या-मुंबईत येऊन वर्षानुवर्षे राहिलेले, शास्त्र्यांजवळ बसून ग्रंथ वाचलेले आणि पोथ्यांसाठी वणवण केलेले जर्मन विद्वान निराळे होते. त्यांची नावे अभ्यासकांच्या बाहेर फारशी परिचित नाहीत.

हे विद्वान ‘जर्मनीतून’ आले असे म्हणणे काटेकोर इतिहासाला धरून नाही, कारण ते आले तेव्हा जर्मनी हे एक राष्ट्र अस्तित्वात नव्हते. मार्टिन हाऊग व्युर्टेंबर्ग राज्यातील होते. ग्योर्ग ब्यूलर आणि फ्रान्त्स कीलहॉर्न हे हॅनोव्हर राज्यातील. १७१४ ते १८३७ या काळात हॅनोव्हरचा आणि ब्रिटनचा राजा एकच असे. ब्यूलर यांचा जन्म १९ जुलै १८३७ रोजी झाला, त्याच्या महिनाभर आधी हा संबंध संपला होता. कीलहॉर्न पुण्यात रुजू झाले त्या १८६६ सालीच प्रशियाने हॅनोव्हर खालसा केले. एकसंध जर्मन साम्राज्य स्थापन झाले ते १८७१ मध्ये. तेव्हा हे दोघेही मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करीत होते. जर्मन विद्यापीठांत संस्कृतचे अध्यासन १८१८ पासून, म्हणजे बॉन येथे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांच्या नेमणुकीपासून होते. तथापि शिकून तयार होणाऱ्यांच्या मानाने जागा थोड्या होत्या. इकडे मुंबई सरकारला पाश्चात्त्य पद्धतीने संस्कृत शिकविणारे प्राध्यापक हवे होते. या दोन गरजा जुळल्या.

मराठी दरबार आणि जर्मन शिक्षक यांचा संबंध याहून जुना आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांचे पालनपोषण आणि शिक्षण प्रशियात जन्मलेले मिशनरी क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली झाले. सरफोजींनी जमविलेले युरोपीय भाषांतील ग्रंथ, त्यांपैकी अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आहे, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी व मोडी कागदपत्रांच्या शेजारी ठेवलेले आहेत. श्वार्ट्‌झ ज्या मिशनशी संबंधित होते तिचे दप्तर जर्मनीतील हाले येथील फ्रांके प्रतिष्ठानात आहे. गुरूच्या स्मरणार्थ सरफोजींनी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतलेले संगमरवरी शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहता येते.

मार्टिन हाऊग

मार्टिन हाऊग (१८२७–१८७६) १८५९ मध्ये पुणे कॉलेजात संस्कृत अध्ययनाचे अधीक्षक म्हणून आले. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचे रूपांतर होऊन हे कॉलेज बनले होते. पुढे तेच डेक्कन कॉलेज झाले. हाऊग यांनी १८६३ मध्ये ऐतरेय ब्राह्मणाची संहिता व इंग्रजी भाषांतर मुंबईत प्रसिद्ध केले. यज्ञविधी केवळ ग्रंथावरून समजत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी याज्ञिक ब्राह्मणांकडून विधी प्रत्यक्ष करवून घेऊन पाहिले व त्यांची टिपणे ठेवली. युरोपातील ग्रंथनिष्ठ प्राच्यविद्येत ही गोष्ट त्या काळी दुर्मीळच होती. पारशी धर्मग्रंथांवरील त्यांचे निबंधही मुंबईतच १८६२ मध्ये छापले गेले. १८६६ मध्ये ते परतले आणि १८६८ पासून म्यूनिक येथे अध्यापन करू लागले. त्यांचा हस्तलिखितसंग्रह बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयात जमा झाला. हाऊग यांच्या पुण्यातील कामाचा मोठा पुरावा म्हणूनच आज म्यूनिकला आहे.

शासकीय हस्तलिखित संग्रह

१८६६ मध्ये मुंबई सरकारने हस्तलिखितांचा पद्धतशीर शोध घेण्यास प्रारंभ केला. ब्यूलर आणि कीलहॉर्न हे या कामाचे पहिले प्रमुख होते. त्यांच्यानंतर पीटर पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आबाजी विष्णू काथवटे, श्रीधर रामकृष्ण भांडारकर आणि घाटे यांनी ते पुढे चालविले. या प्रयत्नांतून १७ हजारांहून अधिक पोथ्या जमल्या. त्या प्रथम मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ठेवण्यात आल्या. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर १ एप्रिल १९१८ रोजी सरकारने हा संग्रह मंदिराच्या स्वाधीन केला. परशुराम कृष्ण गोडे यांनी अभिरक्षक म्हणून त्याची दीर्घकाळ निगा राखली आणि त्याच्या आधारे शेकडो लेख लिहिले.

या संग्रहाची मांडणी हीच एक ऐतिहासिक नोंद आहे. पोथीचा क्रमांक विषयानुसार नसून, ती ज्या वर्षी मिळाली त्या वर्षासह दिला जातो. ‘१८७५–७६’ असे वर्ष दिसले की ती ब्यूलर यांच्या काश्मीर दौऱ्यातील, हे जाणकार लगेच ओळखतो. ‘विश्रामबाग’ अशी खूण असलेल्या पोथ्या जुन्या पाठशाळेच्या वारशाच्या. वर्षामागे संग्राहक असतो आणि संग्राहकामागे त्याचा छापील अहवाल. त्या अहवालात गावे, खरेदी, नकलनिसांकडून करून घेतलेल्या प्रती आणि भांडारे दाखविण्यास मालकांनी दिलेला होकार वा नकार यांचा तपशील सापडतो. विषयवार रचना केली असती तर वाचकाची सोय झाली असती, पण हा सारा मागोवा पुसला गेला असता.

ब्यूलर यांच्या काश्मीर, राजपुताना व मध्य भारतातील दौऱ्याचा अहवाल १८७७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा विशेषांक म्हणून प्रसिद्ध झाला. याच दौऱ्यात शारदा लिपीतील, भूर्जपत्रावर लिहिलेली ऋग्वेदाची पोथी मिळाली. भांडारकर मंदिरातील ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली, त्यांत या पोथीचा समावेश आहे.

कीलहॉर्न (१८४०–१९०८) यांचा मार्ग निराळा होता. त्यांचे मन मुख्यतः व्याकरणात रमले. डेक्कन कॉलेजातील पंधरा वर्षांत पुण्याच्या वैयाकरण शास्त्र्यांशी झालेल्या चर्चांतून त्यांनी नागोजीभट्टांच्या परिभाषेन्दुशेखराची आवृत्ती व भाषांतर सिद्ध केले आणि त्यानंतर पतंजलींच्या व्याकरणमहाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती हाती घेतली. तिचे अखेरचे भाग ते ग्यॉटिंगेनला परतल्यावर बाहेर पडले. ही आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. १८६९ मध्ये मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातील आणि १८७४ मध्ये मध्य प्रांतातील संस्कृत हस्तलिखितांच्या सूची त्यांच्या देखरेखीखाली निघाल्या. यांपैकी दुसरी नागपूर येथे छापली गेली. थेओडोर आउफ्रेख्ट यांनी लाइपझिगहून १८९१ ते १९०३ या काळात प्रसिद्ध केलेली संस्कृत ग्रंथांची महासूची अशाच प्रादेशिक सूचींच्या आधारे उभी राहिली.

कीलहॉर्न यांच्यानंतर डेक्कन कॉलेजातील जागेवर रा. गो. भांडारकर आले. ६ जुलै १८३७ ही त्यांची जन्मतारीख. ब्यूलर त्यांच्याहून अवघ्या तेरा दिवसांनी लहान होते. १८८५ मध्ये ग्यॉटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि पुढील वर्षी ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस उपस्थित राहिले. ब्यूलर त्या वेळी व्हिएन्नातच प्राध्यापक होते.

बर्लिनला गेलेल्या पोथ्या

ब्यूलर यांनी सरकारसाठी पोथ्या घेताना, ज्या ग्रंथांच्या एकाहून अधिक प्रती उपलब्ध होत्या त्यांतील काही, मुंबई सरकारच्या परवानगीने, बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयासाठीही खरेदी केल्या. १८७० च्या दशकात अशा रीतीने जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह बर्लिनला पोहोचला. तेथे आल्ब्रेख्त वेबर यांनी त्याची तपशीलवार सूची तयार केली आणि जैन आगमांवरील आपला विस्तृत प्रबंध १८८३ ते १८८५ या काळात प्रसिद्ध केला. युरोपातील जैनविद्येचा पाया या पोथ्यांवर घातला गेला. ब्यूलर यांच्याबरोबर १८७३–७४ मध्ये राजस्थानात फिरलेले तरुण हेर्मान याकोबी यांनी पुढे, १८७९ मध्ये, कल्पसूत्राची आवृत्ती काढली. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र व प्राचीन परंपरा आहे, हे तिच्या प्रस्तावनेत त्यांनी साधार दाखविले.

हा व्यवहार कायदेशीर होता आणि त्यातून मोठी विद्या निर्माण झाली, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. ‘दुसरी प्रत’ म्हणून एखादी पोथी वेगळी काढली जात असे, तेव्हा दोन्ही प्रतींतील पाठ ओळीओळीने ताडून पाहिलेले नसत. हस्तलिखितांच्या जगात तंतोतंत दुसरी प्रत अशी वस्तू नसतेच; नकलनीस, काळ, समासातील टिपा आणि अखेरची पुष्पिका दर पोथीत वेगळ्या असतात. म्हणून जैन ग्रंथांचा पाठ ठरविणाऱ्यास आजही पुणे आणि बर्लिन येथील दोन्ही प्रती पाहाव्या लागतात.

बर्लिनच्या संग्रहावर पुढे युद्धाचे संकट आले. दुसऱ्या महायुद्धात ग्रंथालयातील साहित्य बाँबहल्ल्यांपासून वाचविण्यासाठी देशभर हलविण्यात आले. युद्धानंतर ते पूर्व व पश्चिम जर्मनीत विभागले गेले आणि काही भाग पोलंडमधील क्राकूव्ह येथे राहिला. वाल्टर शुब्रिंग यांनी केलेली नव्या जैन हस्तलिखितांची सूची १९४४ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, लाइपझिगला छापली गेली. देशाच्या एकीकरणानंतर १९९२ मध्ये बर्लिनच्या दोन्ही ग्रंथालयांचे पुन्हा एकत्रीकरण झाले. गुजरात-राजस्थानातील भांडारांतून निघालेल्या पोथ्यांच्या प्रवासात जर्मनीच्या फाळणीचाही इतिहास असा गुंतलेला आहे.

सोलापूर परिसराशी संबंध

या साधनांतील काही धागे सोलापूर, बार्शी व मंगळवेढे या भागाशी जोडलेले आहेत.

पहिला धागा बिल्हणाच्या विक्रमांकदेवचरिताचा. अकराव्या-बाराव्या शतकांत सोलापूर परिसरावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्यांतील सर्वांत प्रतापी राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याचे चरित्र त्याच्या दरबारी असलेल्या बिल्हण या काश्मिरी कवीने संस्कृत महाकाव्यात लिहिले. हे काव्य विस्मृतीत गेले होते. ब्यूलर व याकोबी यांना त्याची पोथी जैसलमेरच्या जैन भांडारात आढळली. वेळ थोडा असल्याने दोघांनी ती स्वतःच उतरवून घेतली आणि १८७५ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ते काव्य छापले गेले. कवी काश्मीरचा, राजा कल्याणीचा, पोथी वाळवंटातील जैनांनी जपलेली आणि ती वाचणारे हॅनोव्हर व कोलोन इथले. बार्शी-सोलापूरच्या मध्ययुगीन इतिहासासाठी शिलालेखांच्या जोडीने वापरले जाणारे हे वाङ्मयीन साधन अशा वळणावळणाच्या वाटेने परत आले.

दुसरा धागा न्यायालयांचा. इंग्रजी अमलाच्या आरंभी दिवाणी न्यायालयांत हिंदू कायद्यासंबंधी मत देण्यासाठी शास्त्री नेमलेले असत. वारसा, दत्तक, वाटणी अशा बाबींवर न्यायाधीश प्रश्न विचारीत आणि शास्त्री ग्रंथाधार देऊन उत्तर देत. रेमंड वेस्ट आणि ब्यूलर यांनी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यातील अशा उत्तरांचा संग्रह संपादून प्रसिद्ध केला. त्यात पुणे, अहमदनगर, धारवाड यांबरोबर सोलापूर येथील न्यायालयांतील उत्तरेही आहेत. प्रत्येक उत्तराखाली गावाचे नाव व तारीख दिलेली आहे, शास्त्र्याचे नाव मात्र नाही. ज्यांच्या विद्वत्तेवर हा ग्रंथ उभा आहे ते अनामिक राहिले आणि संपादकांची नावे मुखपृष्ठावर आली. संग्रहांचा इतिहास वाचताना ही विषमता वारंवार समोर येते.

तिसरा धागा विसाव्या शतकातील आहे. उल्म येथे जन्मलेले ग्युंथर-डीट्‌झ सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी आरंभी हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर लंडन येथे प्रबंध लिहिला. पुढे त्यांचे लक्ष धर्मशास्त्राच्या पोथ्यांकडून धनगर-मेंढपाळांच्या दैवतांकडे वळले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये व त्याचे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पावसाच्या छायेतील कोरड्या पट्ट्यातील मेंढपाळ आणि ओलिताखालचा शेतकरी यांच्या संबंधांतून दैवतांच्या कथा कशा घडतात, हे त्यांनी यात्रा, ओव्या आणि स्थळे यांच्या आधारे दाखविले. मंगळवेढे तालुक्यातील हुन्नूर हे बिरोबाचे प्रसिद्ध ठाणे याच पट्ट्यात येते. सोन्थायमर यांनी धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील बिरोबा व धुळोबा यांची दोन दीर्घ कथने फेल्डहाउस, रामदास आतकर व राजाराम झगडे यांनी संपादित व भाषांतरित करून २०१४ मध्ये पुस्तकरूपाने आणली. छायालेखक हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासह त्यांनी खंडोबा आणि पंढरीची वारी या विषयांवर माहितीपटही केले. त्यांचे कार्यक्षेत्र पुणे आणि हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था असे दोन्हीकडे होते. हाऊग यांनी याज्ञिकांना विधी करून दाखविण्यास सांगितले होते. सोन्थायमर स्वतः वाघ्या-मुरळींच्या आणि धनगरांच्या मागे चालत गेले. त्यामुळे त्यांच्या साधनांत कागदापेक्षा आवाज अधिक आहे.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती

भांडारकर मंदिराच्या दप्तरातील जर्मन संबंधाचा सर्वांत मोठा अध्याय महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आहे. अशी आवृत्ती हवी ही मागणी मोरिट्स विंटरनिट्‌झ यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातील विद्वत्संस्थांनी काम हाती घेतले आणि हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्यादाखल काही पाने छापली. पहिल्या महायुद्धाने ही योजना मोडली. १९१९ मध्ये पुण्याने ती स्वतंत्रपणे सुरू केली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांच्या साहाय्याचे वचन दिले होते.

१९२५ मध्ये प्रमुख संपादकपदी आलेले विष्णु सीताराम सुकथनकर हे बर्लिनला ल्यूडर्स यांच्याच हाताखाली तयार झाले होते. पाठचिकित्सेचे जर्मन शास्त्र त्यांना अवगत होते. तथापि ते महाभारताला जसेच्या तसे लावता येणार नाही, हेही त्यांनीच १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पोथ्यांची वंशावळ लावून मूळ प्रतीपर्यंत जाता येते, असे ते शास्त्र मानते. महाभारताच्या पोथ्या मात्र एकमेकींतून सतत उसनवारी करीत आलेल्या; शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिपींनुसार त्यांचे कुलगट पाडता येतात, पण एकमेव मूळ प्रत हाती लागत नाही. सुकथनकरांनी म्हणूनच उपलब्ध पोथ्यांच्या आधारे गाठता येईल तेवढे जुने रूप देण्याचे ध्येय ठेवले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. काम १९६६ मध्ये १९ खंडांत पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. या काळात मंदिराचे सचिव असलेले रामचंद्र नारायण दांडेकर यांनी हायडेलबर्ग येथून १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळविली होती.

जर्मन प्राच्यविद्येच्या महाभारतविषयक भूमिकांवर अलीकडे तीव्र टीका झाली आहे. विश्व अडलुरी व जॉयदीप बागची यांनी २०१४ च्या ग्रंथात तिच्या ‘शास्त्रीयते’च्या दाव्यामागील पूर्वग्रह तपासले. त्याच अभ्यासकांनी सुकथनकरांच्या संपादनपद्धतीचा मात्र पुरस्कार केला आहे, ही नोंद महत्त्वाची ठरते.

जर्मनीतील मराठी विद्यार्थ्यांचे कागद

साधनांचा दुसरा वर्ग उलट दिशेच्या प्रवासाचा आहे. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी नाव नोंदविले. त्या वेळी ते लंडनला शिकत होते. त्यांनी जर्मन भाषेत स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त व अर्ज उजेडात आले आहेत. वर्गांना उपस्थित न राहिल्यामुळे त्यांचे नाव पटावरून कमी झाले. चरित्रग्रंथांत एका ओळीत येणारा हा प्रसंग त्यांच्या जर्मन भाषेच्या तयारीचा ठोस पुरावा देतो.

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे बर्लिनमधील कागद अधिक अस्वस्थ करणारे आहेत. त्यांनी १९३० च्या सुमारास कैझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ओइगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीतील डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर प्रबंध लिहिला. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. युरोपीय कवटीची रचना इतर वंशांहून वेगळी ठरावी अशी त्या वर्तुळातील अपेक्षा होती. कवट्यांची मापे घेतल्यावर असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष इरावतीबाईंनी काढला आणि तो तसाच लिहिला. अभ्यासलेल्या कवट्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या मानवी अवशेषांचाही समावेश होता. या संस्थेचे दप्तर आज बर्लिनच्या डालेम भागातील माक्स प्लांक संस्थेच्या अभिलेखागारात आहे. इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथाने, ज्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, भांडारकर मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचाच आधार घेतला. बर्लिनची मानवमिती आणि पुण्याची पाठचिकित्सा अशा दोन्ही परंपरा त्यांच्या लेखनात एकत्र येतात. पहिलीविषयी त्यांनी पुढे सर्वच प्रश्न विचारले असे मात्र म्हणता येत नाही, कारण जातींच्या अभ्यासात त्यांनी शरीरमापनाचा उपयोग दीर्घकाळ चालू ठेवला.

अहमदनगरची स्थानबद्धता छावणी

विद्याव्यवहाराच्या बाहेरील, पण त्याला छेद देणारे साधन म्हणजे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीची कागदपत्रे. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना ‘शत्रूचे प्रजाजन’ म्हणून येथे ठेवले. पहिल्या युद्धात मिशनरी, व्यापारी व तंत्रज्ञ यांचा त्यांत भरणा होता आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनी १९१७ मध्ये छावणीची पाहणी करून अहवाल दिला. दुसऱ्या युद्धात गिर्यारोहक हाइनरिख हारर यांना प्रथम अहमदनगरला, नंतर देवळालीला व अखेर डेहराडूनला हलविण्यात आले. तेथून ते निसटून तिबेटात गेले. पन्नास वर्षांपूर्वी याच इलाख्यात जर्मन असणे ही प्राध्यापकीसाठी शिफारस होती.

जतन आणि उपलब्धता

५ जानेवारी २००४ रोजी, जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकावरून उसळलेल्या वादात, जमावाने भांडारकर मंदिरावर हल्ला केला. त्यात ग्रंथ, हस्तलिखिते व इतर वस्तूंचे नुकसान झाले. त्यानंतर जतन, सुरक्षितता आणि अंकीकरण या कामांना गती मिळाली.

जर्मनीत २०१४ पासून ‘जर्मन अभिलेखागारांतील आधुनिक भारत, १७०६–१९८९’ हा प्रकल्प चालू आहे. भारताविषयीचे कागद कोणत्या अभिलेखागारात व कोणत्या क्रमांकाखाली आहेत याची माहिती तो संगणकीय सूचीत एकत्र करतो. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांचे अहवाल स्वामित्वमुक्त असल्याने महाजालावर मोफत मिळतात. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी असलेल्या विद्यार्थ्याला पुण्याला जाण्यापूर्वीच अहवाल व सूची वाचून हव्या त्या पोथीचा क्रमांक व वर्ष निश्चित करता येते. मूळ पोथी पाहण्यासाठी मात्र संस्थेकडे अर्ज करावा लागतो.

छापील अहवाल बहुतांशी इंग्रजीत असले, तरी जर्मनीतील खाजगी पत्रे आणि कार्यालयीन टिपणे ‘कुरेंट’ या जुन्या वळणाच्या लिपीत आहेत. अक्षरे एकमेकांत गुंतवून, लेखणी न उचलता लिहिण्याची ही धाटणी मोडी वाचणाऱ्याला ओळखीची वाटावी. जानेवारी १९४१ मध्ये नाझी सरकारने जुन्या वळणाचा छापा बंद केला, त्याच वर्षी शाळांतूनही ती लिपी गेली आणि पुढच्या पिढीला आजोबांची पत्रे वाचता येईनाशी झाली. महाराष्ट्रात मोडीचे शिक्षण विसाव्या शतकाच्या मध्याला थांबले. त्यामुळे पुणे–ग्यॉटिंगेन पत्रव्यवहाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास आज भाषेआधी लिपी शिकावी लागते, आणि मराठी बाजूचे कागद हाताळायचे असतील तर एक नव्हे, दोन लिप्या.